गाडीचा आवाज 'नॉर्मल' कधीपर्यंत असतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचं झालंच तर माझ्या घरचं कापा, स्टिअरिंगचं कापू नका.

मी चिपळूणची. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून मे २०२१मध्ये निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांनी, २२ जुलैच्या पुरात, आमची जुनी गाडी छतापर्यंत पाण्यात गेली. विम्याचे पैसे आले, त्यात थोडी भर घातली आणि १० जानेवारी २०२२ला नवी गाडी दारात आली. किंमत सव्वानऊ लाख. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी मीच चालवते. आमचे 'हे' शेजारी बसून थर्मास सांभाळतात आणि कुंभार्ली घाटात प्रत्येक वळणाला, पायाखाली नसलेला ब्रेक दाबतात. माझी आई कराडला असते, अठ्ठ्याऐंशीची आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी घाट चुकत नाही.

२०२४ची दिवाळी झाली आणि गाडी बोलायला लागली. फाटकातून बाहेर काढताना स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे वळवलं की 'टक्'. अगदी बारीक, खालून कुणी नखाने टिचकी मारावी तसा. कानापेक्षा तळहाताला जास्त कळायचा. खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना तोच आवाज टक्-टक् असा लागोपाठ यायचा. गाडी सरळ जात असताना म्हणाल तर काही नाही, पण स्टिअरिंग मधोमध धरलं की जराशी ढिलाई वाटायची. म्हणजे हात हलतोय आणि गाडी अजून विचार करतेय.

नोव्हेंबरच्या शेवटी सर्व्हिसिंग होतं. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, नाव-गाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका सेंटरचा नाही. काउंटरवरच्या मुलाला मी आवाजाचं सगळं सांगितलं. त्याने ऐकलं माझं, पण पाहिलं ह्यांच्याकडे. "सर, टेस्ट ड्राइव्ह घेऊन बघतो." ज्यांच्याकडे साधं लायसन्स नाही त्या सरांनी गंभीरपणे मान हलवली. मुलगा गाडी घेऊन गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आला. काचा बंद, एसी तीनवर. "नॉर्मल आहे सर. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला एवढा आवाज असतोच." मी विचारलं, मग गेली पावणेतीन वर्षं का नव्हता? त्यावर त्याने अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आणि बॅलन्सिंग करून घ्यायला सांगितलं. केलं. गाडी स्वच्छ धुऊन परत मिळाली. जॉब कार्डवर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात काय होतं, तर 'जनरल चेकअप, वॉशिंग'. मी सही केली. पोरांना आयुष्यभर सांगत आले, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि स्वतः न वाचता सही केली.

एक मात्र बरं केलं. घरी आल्यावर फाटकात गाडी उभी करून, काच खाली घेऊन, स्टिअरिंग हलवत चौदा सेकंदांचा आवाज मोबाइलवर घेतला आणि त्या मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. निळ्या दोन बरोबरच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

९ जानेवारी २०२५ला वॉरंटी संपली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आवाज इतका वाढला की आईने ओसरीवरून विचारलं, गाडीला काय लागलंय? पुन्हा तेच सेंटर, तोच काउंटर. या वेळी गाडी रॅम्पवर चढली, दहा मिनिटांत निदान झालं. "मॅम, स्टिअरिंग रॅक गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं डावी-उजवीकडे वळवणारी खालची यंत्रणा. अंदाजपत्रक सेहेचाळीस हजार आठशे, मजुरी आणि अलाइनमेंट धरून. मी म्हटलं, हाच आवाज नोव्हेंबरात नॉर्मल होता. मुलगा म्हणाला, "तेव्हा एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असती तर आज कव्हर झालं असतं." मग रस्त्यांवर घसरला. कोकणातले रस्ते, घाट, खड्डे, त्याला कंपनी काय करणार?

आपल्या दैनिकात खड्ड्यांच्या बातम्या पावसाळाभर येतात आणि त्या खऱ्याच आहेत. पण जाहिरातीत हीच गाडी दगडगोटे उडवत ओढ्यातून जाते आणि चिपळूणच्या खड्ड्यात मात्र ती नाजूक होते, हे गणित मला सुटलेलं नाही. शिवाय तीन वर्षांत गाडी धावली होती एकेचाळीस हजार किलोमीटर. एक लाखाच्या निम्मीही नाही.

सेहेचाळीस हजार हातात नव्हते आणि त्या निदानावर विश्वासही बसेना. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने लिंक रॉड बदलून दिले, एकोणीसशे रुपये. लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळीला) चाकाच्या बाजूशी जोडणारी बोटभर जाडीची दांडी, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. ते खरंच थोडे सैल होते. खड्ड्यात एक चाक गेलं की येणारी खडखड कमी झाली. पण उभ्या गाडीत स्टिअरिंग हलवलं की 'टक्' जागच्या जागी. इथे माझी चूक उशिरा कळली. मी दोन आवाज एकच समजत होते.

मग आमच्या आळीतल्या रिक्षावाल्याने एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. जुनं, पत्र्याच्या शेडचं गॅरेज. मिस्त्रींनी गाडी सुरूच करू दिली नाही. चावी 'ऑन'वर ठेवायला सांगितली, इंजिन बंद. "आधी शांतता, मग निदान," असं काही ते म्हणाले नाहीत, नुसतं शेजारच्या पोराला ग्राइंडर बंद करायला सांगितलं. ह्यांना सीटवर बसवलं आणि स्टिअरिंग जरासंच, घड्याळातल्या पाच मिनिटांएवढं, इकडे-तिकडे हलवत राहायला सांगितलं. टक्. टक्. टक्. मिस्त्री बाहेर उभे राहून ऐकत होते. नंतर वाकून चाकाजवळ कान नेला, परत दारापाशी आले. "खालून नाय येत. आतून येतोय."

तरी त्यांनी खालचं तपासलंच. पुढची बाजू जॅकने उचलली, लोखंडी स्टँड लावले. चाक नऊ आणि तीनच्या ठिकाणी दोन हातांनी धरून पुढेमागे ढकललं. त्यात प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचं टोक) किंवा रॅकच्या आतला जॉइंट. मग बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून हलवलं. तिथे ढिलं लागलं तर खालच्या आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दोन्ही चाकं गच्च होती. मला हे फार आवडलं. घड्याळाचे काटे मी इतकी वर्षं कोनांसाठी वापरले, चाकासाठी कधी नाही. बोलता बोलता त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट्-कट् आलं तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळतानाही चाक फिरतं ठेवणारा सांधा, बघायचा. उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग सुटल्यासारखा 'टंग्' आवाज येऊन स्टिअरिंग अडकल्यासारखं वाटलं तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. काही गाड्यांत स्टिअरिंग कॉलमवरच्या मोटरमध्ये चांदणीच्या आकाराचं छोटं रबरी कपलिंग असतं, त्याचा भुगा झाला की असाच ढिला आवाज येतो. आणि अलाइनमेंट? गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडून झिजत असेल तर ती करा, झिजलेल्या जॉइंटवर अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर तराजू ठेवणं. ही उपमा माझी. ते फक्त "पैसे पाण्यात" म्हणाले.

मग पेडलच्या वरचं गालिच्याचं टोक दुमडून त्यांनी टॉर्च मारला. स्टिअरिंगची दांडी एकसंध नसते. वरचा कॉलम आणि खालचा रॅक यांच्यामध्ये एक आखूड शाफ्ट तिरका बसतो, त्याच्या दोन टोकांना क्रॉस असतात, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. त्यांनी आधी क्लँपचा बोल्ट पाहिला. बारा नंबरचा पाना लावून बघितला, घट्ट होता. तोच सैल निघाला असता तर काम पाच मिनिटांचं आणि खर्च शून्य होता, आणि तो कुणी पाहिलाच नसता तर काय झालं असतं हे घाटाच्या वळणावर कळलं असतं.

"बाई, हात घाला हितं," मिस्त्री म्हणाले. मी साडीचा पदर खोचला आणि दाराशी गुडघ्यांवर बसून आत वाकले. त्यांनी माझा अंगठा खालच्या क्रॉसवर असा ठेवला की अर्धा जॉइंटच्या वरच्या भागावर, अर्धा खालच्या. "आता हलवा साहेब." ह्यांनी स्टिअरिंग हलवलं. वरचा भाग सरकला. खालचा थांबला. मग खालचा धक्क्याने आला आणि अंगठ्याखाली 'टक्' झालं. पहिलीतल्या पोराचा दुधाचा दात पडायच्या आधी जिभेने जसा हलतो ना, तसं. इतका स्पष्ट, की पावणेतीन महिने कुणाला तो सापडू नये याचं मला हसू आलं. हसू नंतर गेलं. कारण हा शोध घ्यायला लागलेलं सामान होतं एक टॉर्च, एक अंगठा आणि स्टिअरिंग हलवायला एक माणूस.

शाफ्ट मागवायला चार दिवस लागले. बावन्नशे रुपये, मजुरी आठशे. बसवतानाही मी उभी राहिले. मिस्त्रींनी चाकं सरळ करून जुन्या शाफ्टवर आणि दांड्यांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, म्हणजे नवा त्याच जागी बसेल आणि स्टिअरिंग तिरकं राहणार नाही. आणि शाफ्ट काढायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओवून बकलमध्ये अडकवला. का, तर शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं गरगर फिरलं तर त्याच्या आतली एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, तुटते. शाफ्ट बसवल्यावर मी गाडी फाटकातून बाहेर काढली. काही नाही. टक् नाही, ढिलाई नाही. सहा हजारांत काम झालं. सेहेचाळीस हजारांचा रॅक जागच्या जागी आहे आणि त्याला काही झालेलं नाही.

आता या पत्राचं कारण. माझे सहा हजार गेले त्याचं दुःख नाही, तेवढे आम्ही हापूसमध्ये घालवतो. पण वॉरंटीत सांगितलेली तक्रार वॉरंटीनंतर नवी कशी होते? ती तशी होते, कारण ती कागदावर आलेली नसते. ग्राहक बोलतो मराठीत, जॉब कार्डवर उतरते सर्व्हिस सेंटरची भाषा, आणि दोन्हींच्या मध्ये 'टक्' गळून पडतो. त्या रकान्यात ग्राहकाने जे सांगितलं तेच, त्याच शब्दांत, मराठीत लिहिलं जावं एवढी माझी मागणी आहे. 'उभ्या गाडीत स्टिअरिंग हलवल्यावर टक् आवाज येतो, मधोमध ढिलाई आहे' हे एक वाक्य तिथे असतं तर आज वाद नसता. ते लिहीत नसतील तर वाचकांनी सही करू नये, किंवा सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहावं, पेन आपलं असतं. आणि आवाज ऐकायची चक्कर मारायची असेल तर ग्राहकाला बरोबर घेऊन, काचा उघड्या ठेवून.

हे स्टिअरिंगचं आहे म्हणून जास्त बोलते. विचार करा, आमच्या शाळेच्या व्हॅनला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आरटीओचा माणूस कागदावर का होईना स्टिअरिंग आणि ब्रेक पाहतो. माझ्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर तिचं स्टिअरिंग सरकार बघत नाही, पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. म्हणजे पंधरा वर्षं ते बघणारा एकच माणूस, सर्व्हिस सेंटरचा. त्याने 'नॉर्मल' म्हटलं की विषय संपला.

यात एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही, मलाही नव्हती. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. सदोष गाड्या परत बोलवायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं. नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. मालकांनी केंद्राच्या पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवायची असते आणि एका मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येपुढे गेल्या की चौकशीची चाकं फिरतात. इथे माझ्यातली गणिताची बाई जागी होते. 'नॉर्मल आहे' ऐकून घरी गेलेला प्रत्येक मालक म्हणजे बेरजेतून वजा झालेला एक. शंभर जणांचा शाफ्ट असाच झिजला असेल, मी कुठून सांगू? मोजलंय कुणी?

कंपन्या स्वतःहून गाड्या परत बोलावतही असतात, ते नाकारत नाही. जुलै २०२३मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या, भाग फुकट बदलून दिला. माझी गाडी त्या कंपनीची नाही, म्हणून हे उदाहरण निवांत देता येतं. मुद्दा इतकाच की स्टिअरिंगचा दोष ही घाटातल्या बाईच्या मनातली कल्पना नसते.

ज्यांच्या गाडीत आज 'टक्' येतोय त्यांच्यासाठी थोडं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. मला रत्नागिरी पुरते, दिल्ली-मुंबई करावी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क दोनशे रुपये, त्याहून जास्त तर अलाइनमेंटला लागतात. जुना भाग मात्र गॅरेजमध्ये टाकून येऊ नका, बिलासकट घरी आणा.

मी कंपनीला लेखी कळवलं आहे. जॉब कार्डाची प्रत, नोव्हेंबरचा चौदा सेकंदांचा आवाज, त्या दोन निळ्या खुणांचा फोटो, मिस्त्रींचं बिल, सगळं जोडलं. पहिलं उत्तर आलं की वॉरंटी ९ जानेवारीला संपली आहे. ते मलाही माहीत होतं. दुसऱ्यांदा लिहिलं. सात आठवड्यांनी ग्राहक-सेवा विभागाचा मेल आला, अगदी नम्र. माझ्या भावनांचा आदर करून, 'गुडविल' म्हणून, नव्या स्टिअरिंग रॅकवर पन्नास टक्के सूट देऊ केली आहे. ऑफर महिनाअखेरपर्यंत.

रॅक माझा ठणठणीत आहे हे मी दोन्ही पत्रांत लिहिलं होतं. आयोगाच्या अर्जाचा कच्चा मसुदा तयार आहे, पक्का ह्या आठवड्यात करते. जुना शाफ्ट जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलाय. ह्यांनी परवा कुणा पाहुण्यांना दाखवायला काढला होता. दोन हातांत धरून जरा पिळला की अजून 'टक्' म्हणतो.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, चिपळूण
(नाव व पत्ता कार्यालयासाठी सोबत जोडला आहे, छापू नये.)